आसियान करारानं आपलं दिवाळं काढलं का? बोला

हिंगणावाला:
२०१० च्या १ जानेवारीपासून आसियानशी (इंडोनेशिया, व्हिएतनाम वगैरे आग्नेय आशियातल्या देशांचा गट) वस्तूंचा मुक्त व्यापार सुरू झाला. २०१०-११ ला त्यांच्याशी आपली व्यापार तूट (आयात निर्यातीपेक्षा जास्त) ५ अब्ज डॉलरच्या आसपास होती, २०२२-२३ ला ४३ अब्जाच्या वर! तरी सह्या करून राहिले, यूएई झालं, ऑस्ट्रेलिया झालं, २०२५ ला ब्रिटन. माझं प्लास्टिकचं छोटं युनिट आहे एमआयडीसीत, तिकडून तयार माल बिनाड्युटीचा येते अन् आमच्या प्लास्टिक दाण्यावर, म्हणजे कच्च्या मालावर, ड्युटी भरा, वरून म्हणते स्पर्धा करा. काहून पाहिजे हे करार?

धंतोलीकर:
भाऊ आकडा बरोबर, निष्कर्ष घाईचा. सगळ्यात मोठी तूट चीनशी आहे, २०२४-२५ ला जवळपास ९९ अब्ज डॉलर, अन् चीनशी असा करारच नाही. २०१९ ला आरसेपमधून (चीन, आसियान वगैरेंचा मोठा व्यापार करार) बाहेर पडलो, त्यानं कमी झाली का? अन् इंडोनेशियाचा कोळसा, पामतेल करार नसता तरी घेतलंच असतं ना, आपल्या सोयाबीनवर देशाची कढई थोडीच भरते.

हिंगणावाला:
अन् चीनचाच माल व्हिएतनामचा शिक्का मारून येते त्याचं?

धंतोलीकर:
२०२० पासून कॅरोटार नियम आहेत ना, माल खरंच तिथं बनला याची माहिती आयातदारानं ठेवायची. कस्टमवाले किती तपासतात ते देव जाणे.

काटोलची_संत्री:
तुमचं दोघांचं फॅक्टरीतच चालू आहे. आमच्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश, त्यांनी ड्युटी वाढवत वाढवत २०२३ ला किलोमागं ८८ टका (त्यांचं चलन) केली, माल इथंच पडला अन् भाव बसला. साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांचा मुक्त व्यापार करार, २००६ पासून आहे, बांगलादेश त्यात आहे, काय उपयोग झाला सांगा. ड्युटी सवलतीच्या यादीत आपला माल बसला का नाही ते कोणी पाहत नाही, सही झाली की फोटो.

मिहानवाला:
सगळे वस्तूंवरच अडले बाप्पा. सेवांमध्ये (आयटी वगैरे) आपण प्लसमध्ये आहोत ते मोजा की.

हिंगणावाला:
हाव, पण तो पैसा मुख्य अमेरिका-युरोपातून येते. आसियान कराराचं त्यात काय?

धंतोलीकर:
तुमच्या दाण्यावरची ड्युटी जकार्तानं, म्हणजे आसियानवाल्यांनी, नाही लावली भाऊ, दिल्लीनं लावली. बजेटमध्ये काढता येते.

हिंगणावाला:
मंग ती आधी काढून सही करायची होती ना? २०२३ ला आसियान कराराचा फेरविचार करायचं ठरलं, म्हणजे चुकलं हे त्यांनाही कळते.

धंतोलीकर:
फेरविचार म्हणजे रद्द नाही.