अनुभव धागा : डिजिटल चित्रकला शिकताना ऑनलाइन नेमके काय उपयोगी पडले?

नाशिकमध्ये चित्रकलेचे शिक्षण घेणारे, घरच्या घरी इलस्ट्रेशनचा सराव करणारे आणि या क्षेत्रात कामाला लागलेले बरेच जण येथे नियमित लिहितात. नवीन विद्यार्थ्यांचा प्रश्न मात्र दरवर्षी तोच असतो : इंटरनेटवर साहित्य अमाप आहे, त्यातले धरावे काय आणि सोडावे काय? त्यासाठी हा धागा आहे. केवळ संकेतस्थळांची नावे देऊन थांबू नये, अशी विनंती आहे. एखाद्या साधनामुळे आपल्या हातात, नजरेत किंवा कामात काय फरक पडला, ते सविस्तर लिहावे.

सुरुवात मीच करते. मला सर्वांत मोठा आधार मिळाला तो संग्रहालयांच्या खुल्या संग्रहांचा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये पावणेचार लाखांहून अधिक प्रतिमा कोणत्याही वापरासाठी मुक्त केल्या आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने तर त्याच्याही आधीपासून आपली चित्रे मोठ्या आकारात उपलब्ध करून दिली आहेत. हिरोशिगे या जपानी चित्रकाराचे पावसाचे एक ठसाचित्र मी पडद्यावर मोठे करत गेले, तेव्हा पावसाच्या रेषा एकाच कोनात नसून किंचित वेगळ्या अशा दोन कोनांत आहेत आणि त्यामुळेच सर दाट वाटते, हे दिसले. वरच्या कडेला गडद असलेला आभाळाचा रंग खाली हळूहळू विरत जातो, तोही ठशावर हाताने रंग पुसून साधलेला असतो. त्यानंतर गोदाघाटावरच्या पावसाचे चित्र करताना मी पावसासाठी दोन स्वतंत्र लेअर (एकावर एक ठेवता येणारे पारदर्शक थर) घेतले, एकाची अपारदर्शकता कमी ठेवली आणि नारोशंकर मंदिराचा काळा दगड त्या रेषांमागे दिसेल एवढाच मोकळा सोडला. ही गोष्ट ब्रशच्या कोणत्याही विकत घेतलेल्या संचातून मला मिळाली नसती.

सिडको, पहिले वर्ष

माझ्याकडे आयपॅड नाही. भावाचा जुना लॅपटॉप आणि पडदा नसलेला साधा पेन टॅबलेट एवढ्यावर काम चालते, म्हणून क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरविषयी लिहितो. ते पूर्णपणे मोफत आणि मुक्त स्रोत आहे. रेषा थरथरत असेल तर त्यातील स्टॅबिलायझर उपयोगी पडतो. पण माझ्या हाताला खरा फरक पडला तो पेनच्या दाबाचा आलेख (किती दाबाला किती जाड रेषा, ते ठरवणारी सेटिंग) बदलल्याने. माझा हात हलका आहे, त्यामुळे मूळ सेटिंगमध्ये जाड रेषा उमटतच नव्हती. आलेख थोडा वर उचलल्यावर तोच पेन बोरूसारखा जाड-बारीक चालू लागला.

क्रितावरच काम करणारे डेव्हिड रेव्हॉय हे फ्रेंच चित्रकार आपल्या वेबकॉमिकच्या मूळ फाइल्स सर्वांसाठी खुल्या ठेवतात. तयार चित्र पाहून कळत नाही ते अशी फाइल उघडून, एकेक लेअर बंद-चालू करून पाहिल्यावर कळते. नवोदितांनी शंभर व्हिडिओ पाहण्यापेक्षा अशी एक फाइल नीट पाहावी, असे मला मनापासून वाटते.

नाशिकरोड, फ्रीलान्स इलस्ट्रेटर

मानवाकृती हा माझा कच्चा विषय होता. प्रोको या यूट्यूब वाहिनीवरील जेश्चरचे (शरीराचा एकूण झोक झटपट रेखाटण्याचे) धडे आणि लाइन ऑफ अ‍ॅक्शन या संकेतस्थळावरील ठरावीक वेळेत बदलणाऱ्या पोझ यांवर मी बराच काळ सराव केला. तीस सेकंदांची पोझ असली की नाक-डोळे काढायला सवडच मिळत नाही. वजन कोणत्या पायावर आहे आणि खांद्यांची रेषा कंबरेच्या रेषेला कशी छेदते, एवढेच पाहता येते. मात्र तेथील मॉडेल उभे राहतात ते उभे राहण्यासाठीच. ठक्कर बाजारच्या स्टँडवर एसटीची वाट पाहणारी बाई कडेवरचे मूल आणि हातातली पिशवी सांभाळत उभी असते, तेव्हा तिचे सारे शरीर एका बाजूला झुकलेले असते आणि मूल घेतलेल्या बाजूचे कंबरेचे हाड वर आलेले असते. ही पोझ मला कोणत्याही संग्रहात मिळाली नाही. म्हणून सकाळी ऑनलाइन सराव आणि संध्याकाळी स्टँडवर स्केचबुक, अशी जोडी मी ठेवली आहे. ऑनलाइन सरावाने डोळ्याला वेग येतो आणि तो वेग स्टँडवर कामाला येतो.

पंचवटी, एका विद्यार्थिनीची आई

मुलीने चित्रकलेच्या इंटरमीडिएट परीक्षेत ए ग्रेड मिळवली असून तिला आता डिजिटल काम शिकायचे आहे. एका खासगी क्लासने पहिल्याच दिवशी महागडा टॅबलेट आणि वार्षिक सभासदत्वाचे सॉफ्टवेअर घ्यावेच लागेल, असे सांगितले. खरोखर एवढा खर्च आवश्यक आहे का?

सिडको, पहिले वर्ष

काकू, सुरुवातीला अजिबात नाही. साधा पेन टॅबलेट आणि क्रिता पुरेसे आहे. पडद्याकडे पाहत टेबलावर हात चालवण्याची सवय लागायला थोडे दिवस जातात, तेवढा धीर तिला द्यावा. कंट्रोल पेंट या संकेतस्थळावर अगदी पायाभूत धड्यांचे मोठे मोफत ग्रंथालय आहे. भाषा इंग्रजी असली तरी सारे काही पडद्यावर करून दाखवलेले असल्याने समजायला अडचण येत नाही.

पेठ तालुका, सध्या शिक्षणासाठी नाशिकमध्ये

माझा अनुभव थोडा वेगळा आहे आणि तो मला तळमळीने सांगायचा आहे. शोधपेटीत 'वारली' असे लिहिले की तयार वेक्टर (संगणकाने आखलेल्या एकसारख्या रेषांच्या) चित्रांचा ढीग समोर येतो. दोन त्रिकोण, गोल डोके, फेर धरलेली माणसे. विद्यार्थी तेच उचलतात आणि लग्नपत्रिकेपासून चहाच्या कपापर्यंत लावतात. आमच्याकडे लग्नाचा चौक लिहिला जातो, तेव्हा बायका तांदळाच्या पिठाचे पाणी आणि टोक चेचलेली काडी घेऊन गेरूने सारवलेल्या भिंतीसमोर बसतात. त्या चौकात मध्यभागी पालघाट देवी असते आणि चौकटीची नक्षी अनेक पदरांची असते. काडीने ओढलेली रेषा सुरुवातीला जाड असते, पीठ संपत येते तशी ती तुटक होते आणि भिंतीच्या खडबडीतपणामुळे मध्येच गेरू डोकावतो. वेक्टरच्या एकसारख्या रेषेत यातले काहीही उरत नाही.

म्हणून मी ऑनलाइन शोध घेतला तो नक्षीचा नव्हे, तर नोंदींचा. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्राशी जोडलेल्या डी-सोर्स या मोफत संकेतस्थळावर भारतीय हस्तकलांची सचित्र माहिती आहे. त्यात साहित्य, कृती आणि कारागीर एकत्र दिसतात. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची कामे मोठ्या आकारात पाहिली, की एकाच चित्रात किती ठिकाणी किती वेगवेगळी कामे चालू आहेत आणि तरीही नजर कशी फिरत राहते, हे उमगते. मग घरी भिंतीचे फोटो काढून मी स्वतःचा कोरडा, तुटक रेषेचा ब्रश तयार केला. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तिचा व्यावसायिक वापर करणाऱ्यांनी ही चित्रे लिहिणाऱ्यांचे नाव आणि मोबदला या दोन्हींचा विचार करावा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

भद्रकाली, दुसरे वर्ष

प्रकाश आणि रंग यांसाठी चित्रकार मार्को बुच्ची यांचे व्हिडिओ मला सर्वांत उपयोगी वाटले. धातू रंगवताना चकाकीसाठी थेट पांढरा रंग देण्याची पद्धत अनेकांची असते. भांडी बाजारात तांब्याच्या हंड्यासमोर उभे राहून पाहिले, तर चकाकीसुद्धा तांबूसच दिसते, कारण तांब्यासारखा रंगीत धातू परावर्तित प्रकाशाला स्वतःची छटा देतो. प्लास्टिकच्या लाल बादलीवरची चकाकी मात्र पांढरीच राहते. आणखी एक सोय : सर्व लेअरच्या वर काळ्या रंगाचा लेअर घेऊन त्याचा ब्लेंड मोड (खालच्या लेअरमध्ये मिसळण्याची पद्धत) 'कलर' ठेवला, की संपूर्ण चित्र करड्या छटांत दिसते आणि उजेड-अंधार कोठे फसला आहे ते लगेच समजते.

इंदिरानगर, बालसाहित्यासाठी चित्रे करणारी

अक्षरांविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू हे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याखाली मिळतात, त्यामुळे मुखपृष्ठावर ते निर्धास्तपणे वापरता येतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाते किंवा जोडाक्षरे फुटतात, ही तक्रार नेहमी ऐकू येते. टाइपच्या प्रेफरन्समध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडून प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की ती मिटते. इंकस्केप या सॉफ्टवेअरमध्ये हा त्रास मुळातच होत नाही.

गंगापूर रोड, तिसरे वर्ष

पिंटरेस्टपासून सावध राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नऊवारीचे संदर्भ शोधताना आता यंत्राने (एआयने) बनवलेली चित्रे इतकी मिसळलेली असतात की काष्टा कोठून निघाला आणि पदर कोठे गेला याचा मेळच लागत नाही. अशी साडी प्रत्यक्षात नेसताच येणार नाही आणि ती पाहून शिकणारा चुकीचेच शिकेल. मी विकिमीडिया कॉमन्सवरील राजा रविवर्मा यांची चित्रे घेते. त्यांचे निधन १९०६ मध्ये झाले आणि आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे तो प्रश्नही उरत नाही.

कॉलेज रोड, कलाशिक्षक

वरील मुद्दा योग्य आहे; तरी पिंटरेस्ट पूर्णपणे सोडण्याची गरज मला वाटत नाही. तेथे चित्र दिसले की मूळ चित्रकार, वर्ष आणि संग्रह शोधून काढावा आणि न सापडल्यास ते चित्र बाजूला ठेवावे, असा नियम मी वर्गात ठेवला आहे. संदर्भ मांडून ठेवण्यासाठी प्युअररेफ हे छोटे सॉफ्टवेअर सोयीचे आहे. वैयक्तिक वापरासाठी त्याची किंमत आपण स्वतः ठरवायची असते. यंत्रांनी आपल्या शैलीची नक्कल करू नये असे वाटणाऱ्यांनी शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये उपलब्ध करून दिलेले ग्लेझ हे मोफत साधन पाहावे.

सातपूर, छपाई व्यवसाय

विद्यार्थ्यांच्या फाइल्स रोज हाताळतो, म्हणून फक्त छपाईपुरते लिहितो. ए-फोर आकारासाठी ३०० डीपीआयला (इंचामागे ३०० ठिपके) २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात. लहान फाइल मागाहून ताणून उपयोग होत नाही. पडद्यावरचा झगझगीत निळा आणि पोपटी चार शाईंच्या छपाईत तसा येऊच शकत नाही, तेव्हा क्रितातील सॉफ्ट प्रूफिंग (छपाईत रंग कसे येतील ते पडद्यावर दाखवणारी सोय) चालू करून चित्राच्या सुरुवातीलाच रंग तपासावेत. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना कडेला पांढरे राहू नये म्हणून वाढवलेला भाग) सोडावे. बालसाहित्यासाठी चित्रे करणाऱ्या वरच्या ताईंना एक सुचवतो : पुस्तकाची पीडीएफ पाठवताना फॉन्ट एम्बेड करावेत (फाइलमध्येच बसवावेत) किंवा अक्षरांचे आउटलाइन (आकृत्या) करून द्यावेत, म्हणजे आमच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी मजकूर हलत नाही.