मातीतल्या 'पोअर'ला छिद्र म्हणायचं की रंध्र?

ओलंकोरडं: मातीच्या सीटी स्कॅनवरचा लेख मराठीत करतेय, पहिल्याच पानावर अडलेय. 'छिद्र' लिहिलं तर संपादक म्हणाले छिद्र आरपार असतं, 'रंध्र' करा. आणि दोन मोठ्या पोकळ्यांमधला अरुंद भाग, पोअर थ्रोट, त्याला काय म्हणू? किती ओढ लावली की पाणी सुटणार हे तिथंच ठरतं, त्यामुळे गाळताही येत नाही.

अर्धविराम: रंध्र म्हटलं की पानावरची उघडमीट करणारी आठवतात, मातीत कसली उघडमीट. पोकळी लिहा सरळ. आणि छिद्र आरपारच असतं हे कुणी ठरवलं?

उनाडपाऊस: स्कॅन करून भोकं शोधायची म्हणजे शब्दशः छिद्रान्वेषण की हो 😄

ढेकूळ: हसू नका, मी तेच करतो दिवसभर. करड्या छटा असतात नुसत्या, अमक्या छटेच्या खाली पोकळी आणि वर कण ही रेघ आपणच ओढायची. मूळ आणि पाणी जवळपास सारखेच दिसतात, तीन दिवस खपून रंगवलेलं एक मूळ शेवटी गांडुळाच्या बिळात साचलेलं पाणी निघालं. शिवाय 10 सेंमी जाडीचा नमुना घेतला तर साधारण 50 मायक्रॉनपेक्षा बारीक काही दिसतच नाही, मूळरोम 10 च्या आसपास. म्हणून शब्द कुठलाही घ्या, मागे 'दिसणारी' लावा.

अर्धविराम: आणि मॉडेलला प्रतिमान लिहा प्लीज.

ढेकूळ: कशाला? मॉडेल सगळ्यांना कळतं. तसंही पाणी मुरण्याचं रिचर्ड्सचं 1931 चं समीकरण आम्ही अजून वापरतो, त्यात एकही भोक नाही, सगळा सरासरीचा मामला. प्रतिमान म्हटल्याने त्याला भोकं दिसायला लागणार आहेत का?

उनाडपाऊस: मोठ्या पोकळ्यांत हवा, बारीक पोकळ्यांत पाणी, याला वाफसा हा अख्खा शब्द आहे आपल्याकडे. वाफ निघते म्हणून वाफसा.

अर्धविराम: वाफेचा काय संबंध? वापसा आहे तो, वाप म्हणजे पेरणी, त्यावरून.

उनाडपाऊस: आमच्या आजीने जन्मभर वाफसाच म्हटलं.

ओलंकोरडं: ते थ्रोटचं राहिलं. मी 'खिंड' लिहून टाकू का?

अर्धविराम: आजीचा उच्चार म्हणजे व्युत्पत्ती नव्हे.