गावच्या माणसाची मुलाखत रेडिओवर लागली होती तेव्हा... तुमच्या आठवणी सांगा

कृष्णाकाठची
परवा आईकडे माळा आवरताना नानांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक कागद सापडला. आकाशवाणी सांगलीचं करारपत्र. वर्ष १९८४, विषय खेड्यातलं वाचनालय, वेळ दहा मिनिटं, खाली नानांची सही. घड्यांवर कागद विरलाय, पण शिक्का अजून स्पष्ट. तशीच माळ्यावर बसून राहिले. आई खालून हाका मारतेय, चहा निवून गेला.

नाना म्हणजे माझे वडील. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांनी पस्तीस वर्षं वाचनालय चालवलं. दिवसा सोसायटीत कारकून, संध्याकाळी सहा ते आठ वाचनालय. पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं घालायची, त्याची खळ आमच्याच चुलीवर शिजायची. बायका वाचनालयात यायला लाजायच्या, म्हणून शनिवारी पिशवीत पुस्तकं भरून नाना दारोदार जायचे. आम्हा पोरांना त्याचं काही कौतुक नव्हतं. खरं सांगायचं तर रागच होता. बाकीच्यांचे वडील संध्याकाळी घरी असतात आणि आमचे का नाहीत?

रेकॉर्डिंगला मी बरोबर गेले होते, दहा वर्षांची असेन. स्टुडिओचं दार इतकं जाड, आत गेलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. नानांनी आठ पानं लिहून नेलेली. मुलाखत घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, कागद बाजूला ठेवा, माइकमध्ये सळसळ येते. मला एवढंच सांगा, शनिवारी पहिलं दार कुणाचं?"

आणि नाना बोलायला लागले! घरात दिवसाला पाच वाक्यं न बोलणारा माणूस. पहिलं दार एका आजींचं होतं. त्यांना वाचता येत नव्हतं. पुस्तक घेऊन ठेवायच्या आणि नात शाळेतून आली की तिच्याकडून रोज दोन पानं वाचून घ्यायच्या. नात सासरी गेली तरी आजी पुस्तक घेत राहिल्या, कारण नकार दिला तर नाना पुढच्या शनिवारी यायचे नाहीत असं त्यांना वाटायचं. हे आम्ही घरातल्यांनी पहिल्यांदा काचेपलीकडून ऐकलं.

मुलाखत लागली संध्याकाळी साडेसातला. सगळी गल्ली आमच्या मर्फीसमोर. माझ्या आजीनं रेडिओवरूनच मीठमोहऱ्या ओवाळल्या. नाना मात्र वाचनालयात. लोकांनी सांगितलं, आज लवकर बंद करा. तर म्हणाले, "कुणी पुस्तक बदलायला आलं तर?" स्वतःची मुलाखत त्यांनी कधीच ऐकली नाही.

तुमच्याकडं कुणाची लागली होती? मास्तर, वस्ताद, सुईण, पोस्टमन, कुणीही. लिहा.

माणदेशी लेक
ताई, मीठमोहऱ्या वाचून डोळं भरलं बघ.
आमच्याकडं म्हसवडला माणदेशी तरंग हे गावाकडचं छोटं रेडिओ केंद्र आहे, एफएम ९०.४. २००८ पासनं. आकाशवाणीसारखं लांब जात नाही, आसपासची गावं तेवढी. पण त्यामुळं बोलणारं माणूस वळखीचंच निघतं. २०१२ च्या दुष्काळात चारा छावणी होती तेव्हा माझी आत्या चार जनावरं घेऊन तिथंच राहिली. रेडिओच्या पोरी रेकॉर्डर घेऊन आल्या. आत्या आधी तोंडाला पदर लावून बसली. मग पोरीनं विचारलं, म्हशीचं नाव काय? झालं, सुटलीच. कुठल्या म्हशीला उसाचं वाढं चालत नाही, कुठली रात्री हंबरते, पाण्याच्या टँकरला नंबर कसा लावायचा, भांडण झालं की कोण मिटवतं... ते मिटवणारी तीच होती हे आम्हाला तिथनं कळलं. शेवटी जात्यावरची ओवी म्हटली. आता बाकी नंतर लिहिते, दूध तापलंय

रानपाखरू
ट्रंक, करारपत्र, मर्फी. आमच्या घरातलंच सगळं वाटलं. कॅसेट आहे का कुणाकडं?

कृष्णाकाठची
नाही ना. टेपरेकॉर्डर शेजाऱ्यांकडं होता, पण ऐकायच्या नादात बटण दाबायचं कुणाला सुचलंच नाही.

बंदरावरचा
आकाशवाणी रत्नागिरी, ११४३ किलोहर्ट्झ. आमच्या आजोबांच्या होडीत ट्रान्झिस्टर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला असायचा, मच्छीमारांना इशारा ऐकायला. आजोबा तांडेल, म्हणजे होडीवरचे प्रमुख. बंदरावर कुणाची होडी कधी निघायची, कुणाचं जाळं कुणात अडकलं, सगळं त्यांच्याकडं यायचं. नारळी पौर्णिमेच्या आधी मुलाखत घ्यायला रेडिओवाले जेटीवरच आले. आजोबा आधी फार शुद्ध बोलायला लागले, 'आम्ही मत्स्यव्यवसाय करतो' वगैरे. त्या साहेबांनी यंत्र थांबवलं आणि म्हणाले, "बाबा, घरात बोलता तसं बोला." मग उधाण म्हणजे मोठी भरती, भांग म्हणजे लहान भरती, वारा कुठून सुटला की परत फिरायचं, सगळं आमच्या बोलीत आलं. रेडिओवर आपलं बोलणं चालतं हे बंदराला त्या दिवशी कळलं.
एका वर्षी आमची दोन माणसं समुद्रातून परत आली नाहीत. त्याबद्दल विचारल्यावर आजोबा गप्प झाले. साहेबांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. रेडिओवर थोडा वेळ नुसत्या लाटा ऐकू आल्या. आजी उठून आत गेली.

पोस्टाच्या गल्लीत
रेडिओचं लायसन आठवतं का कुणाला? पोस्टात पैसे भरायचे, पुस्तिकेवर तिकीट चिकटवून शिक्का. आमचे काका दरवर्षी मलाच पाठवायचे. ऐंशीच्या दशकात बंद झालं ते.

रानपाखरू
हो हो! आमची पुस्तिका देवघरात असायची, रेशनकार्डाबरोबर.

गोदातीर
आमचं परभणी केंद्र. कृषी विद्यापीठ गावातच, त्यामुळे कापूस, ज्वारी, तूर हेच जास्त. पण एकदा माझ्या आजीची मुलाखत झाली. ती सुईण. पंचक्रोशीतली कितीतरी लेकरं तिच्या हातची. तिला विचारलं, पैसे किती घ्यायच्या? ती म्हणाली, "लेकराचा रडायचा आवाज आला की माझे पैसे फिटले." मग सांगितलं की अडलेल्या बाईला तालुक्याला न्यायचं कधी हे ओळखणं हीच खरी विद्या, आणि दोनदा ती ओळखायला उशीर झाला. गावात हे कुणाला माहीत नव्हतं. तिनं ते माइकसमोर स्वतःहून सांगितलं. आई घाबरली, लोक काय म्हणतील! पण आठवडाभरानं जिंतूरकडून एक बाप्या सायकलवर आला, हातात साडी. दारातच वाकला. "माय, मी तुमच्याच हातचा हाव." आजीनं त्याचं डोकं चाचपून बघितलं, जन्मताना माथ्यावर खोक होती म्हणे. सापडली. दोघं रडले. नंतर त्याला पिठलं-भाकरी. तो दर दिवाळीला यायचा, आजी गेल्यावरसुद्धा.

माणदेशी लेक
अगं बाई, खोक सापडली!! अंगावर काटा आला

जुनी उद्घोषिका
मी दुसऱ्या बाजूची. एका केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक होते, अशा मुलाखती बऱ्याच केल्या. शिकले ते एवढंच की मोठा प्रश्न विचारला की माणूस भाषण करतं. 'समाजासाठी तुम्ही काय केलंत' म्हटलं की संपलं. 'सकाळी कुलूप कोण उघडतं' विचारा. कृष्णाकाठची, तुझ्या नानांना ज्या बाईंनी पहिलं दार विचारलं, त्या फार मोठ्या कलावंत.

पण एक सल सांगते. तेव्हा स्पूल असायचे, टेपची मोठी रिळं. टेप सेकंदाला साडेसात इंच सरकायची. जास्तीचं काढायचं तर ब्लेडनं तिरका काप द्यायचा आणि पांढऱ्या चिकटपट्टीनं जोडायचं. दहा मिनिटं म्हणजे दहाच. एका स्मशानजोग्याची मुलाखत होती. गावातल्या बेवारशांनासुद्धा तो रीतीनं निरोप द्यायचा. "लहान मूल आलं की..." एवढं बोलून तो थांबला, दोन सेकंद उसासा, मग पुढचं. वेळ बसेना म्हणून मी तो उसासा कापला. पंधरा इंच टेप. टेबलाखाली पडली, झाडूवालीनं उचलून नेली. आज तीस-पस्तीस वर्षं झाली, त्याचे शब्द मला आठवत नाहीत, तो उसासा आठवतो. त्याच्यापेक्षा दुसरं काहीही कापायला हवं होतं. माझा प्रश्न कापता आला असता.

बंदरावरचा, तुमच्या आजोबांच्या मुलाखतीत लाटा ठेवणाऱ्याला माझा नमस्कार सांगा.

कृष्णाकाठची
काकू, दोनदा वाचलं. आमच्या नानांची टेप कुठं गेली असेल, काही अंदाज?

जुनी उद्घोषिका
बाळा, खरं सांगू का. टेप महाग. प्रसारण झालं की बरेचसे स्पूल पुसून पुन्हा वापरायचे. मोठ्या गायकांचे, पुढाऱ्यांचे जपायचे. वाचनालयवाल्यांचे, सुईणींचे नाही. तेव्हा मलाही त्यात काही गैर वाटलं नव्हतं, आता फार वाटतं.

हळदबाजार
माझाही तोच अनुभव. चुलते हमालांचे पुढारी, त्यांची मुलाखत झाली होती. ते गेल्यावर आवाज मिळावा म्हणून एका केंद्रात तीन हेलपाटे घातले. तिसऱ्या वेळी सांगितलं, यादीत नाव नाही. चुलत भाऊ बाहेर पायरीवर बसला तो उठेचना. पोतं पाठीवर घेताना चुलते एक हाळी द्यायचे, ती त्यांनी मुलाखतीत दिली होती. तेवढीच हवी होती आम्हाला.

पोस्टाच्या गल्लीत
मध्येच विचारतो, मीडियम वेव्ह लागणारा साधा रेडिओ हल्ली कुठं मिळतो? वडिलांना मोबाइलवरचं ॲप जमत नाही. सुई फिरवायचाच हवा.

गोदातीर
जुन्या बाजारात बघा, किंवा दुरुस्तीवाल्याकडं सांगून ठेवा. सेल वेगळे काढून ठेवायचे, आत गळले की पट्ट्या हिरव्या होतात.

माणदेशी लेक
आले परत. आत्याला फोन लावला, म्हटलं तुझ्यावर लिवलंय. म्हणती, त्या म्हशीचं नाव लिवलंस का? नाही लिवलं म्हटल्यावर रागावली. तर मंडळी, म्हशीचं नाव चंद्री.

हळदबाजार
चंद्रीला नमस्कार 🙏

कृष्णाकाठची
काल वाचनालयात जाऊन आले. आता तिथं नानांच्याच हाताखाली शिकलेला मुलगा बसतो, मुलगा कसला, पन्नाशीचा झाला. त्याला म्हटलं, बोल, मी मोबाइलवर घेते. तो कपाटातून लिहिलेला कागद काढायला उठला. मी म्हटलं, कागद राहू दे दादा. शनिवारी पहिलं दार कुणाचं?
अठ्ठावीस मिनिटं झाली. मध्ये पंख्याचा आवाज आहे, कुणीतरी पुस्तक बदलायला येऊन गेलं तेही आहे. काही कापणार नाही.

बंदरावरचा
ऐकवा की इथं!

कृष्णाकाठची
त्याला विचारून सांगते.