विषय: ग्रँटचा अर्ज – ९९० च्या चौकटीत काय जोडायचं?? शुक्रवार शेवटची तारीख

चिटणीस

नमस्कार मंडळी,
कम्युनिटी फाउंडेशनकडे आपल्या मंडळासाठी ग्रँट मागायचा फॉर्म जवळजवळ झालाय. बोर्डाची यादी, डिटर्मिनेशन लेटर (आयआरएसचं, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचं, करमाफीचं पत्र), ज्येष्ठांच्या उपक्रमाचं बजेट सगळं अपलोड केलं, अडलंय एकाच ठिकाणी. 'अलीकडचा फॉर्म ९९०', म्हणजे संस्थेने आयआरएसला दरवर्षी भरायचं विवरणपत्र, 'जोडा' अशी लाल चांदणीवाली चौकट आहे आणि आपल्याकडे आहे फक्त ९९०-एन, म्हणजे ते ई-पोस्टकार्ड. त्यात हिशोब नसतोच, नाव, पत्ता, ईआयएन (संस्थेचा कर-क्रमांक), एका पदाधिकाऱ्याचं नाव आणि 'वर्षाची जमा साधारणपणे ५०,००० डॉलर किंवा कमी' याला होकार, संपलं. आणि त्याच पानावर खाली गेल्या वर्षाची एकूण जमा विचारलीये, तिथे खजिनदारांच्या शीटप्रमाणे ६१,४०० टाकावे लागतात. म्हणजे वर आपणच म्हणतोय ५० च्या आत आणि खाली आपणच म्हणतोय ६१. वाचणारा काय समजेल? माहिती असेल त्यांनी आजच सांगा, उद्या मी दिवसभर ऑफिसात अडकलेय.
आणि प्लीज, सगळ्यांना रिप्लाय करून नुसतं 'छान काम' लिहू नका.

नाना

यात घोळ काही नाही, ६१ हा आकडाच चुकीचा आहे. नाटकाच्या तिकिटांचे आले ते नाटकवाल्यांना, हॉलला आणि साउंडवाल्याला गेले, मंडळाच्या हातात राहिले दोनेक हजार. ती जमा. मी खजिनदार असताना हेच धरत होतो, कोणी कधी विचारलं नाही. खालच्या चौकटीतही निव्वळ टाका आणि मोकळे व्हा. शीटमधले रकाने कोणी बदलले ते मला कळवलेलं नाही, जुनं शीट चांगलं होतं.

खजिनदार

नाना, रकाने मी बदलले आणि कमिटीत दाखवून बदलले, त्या मीटिंगला तुम्ही होतात. जुन्या शीटमध्ये खर्च वजा होऊनच आकडा यायचा, मूळ तिकीटविक्री किती झाली हे शोधायला मला बँकेची स्टेटमेंटं उपसावी लागली.

ताई

नाना, रागावू नका, पण फॉर्मवरची जमा म्हणजे ग्रॉस रिसीट्स, आणि ग्रॉस म्हणजे ग्रॉस. जे जे आलं ते सगळं, एक पैसा खर्च वजा न करता. तिकिटं, वर्गणी, देणग्या, जाहिराती, बँकेचं व्याज. साउंडवाल्याला किती गेले याच्याशी आयआरएसला या ओळीपुरतं काही देणंघेणं नाही. आणि 'कोणी विचारलं नाही' याला काही अर्थ नाही, पोस्टकार्ड ओळीने तीन वर्षं भरायचं राहिलं तर न विचारताच करमाफीचा दर्जा जातो, तसे मंडळांचे हाल मी पाहिलेत.

पण चिटणीसबाई, घाबरू नकोस. ५०,००० ची मर्यादा एका वर्षावर बघत नाहीत. संस्था तीन वर्षांहून जुनी असेल तर ते वर्ष धरून मागच्या तीन वर्षांची सरासरी. 'साधारणपणे' शब्द तिथे त्यासाठीच आहे. शीटवरून घेतलं: ४१,१००, ३८,२०० आणि नाटकाच्या वर्षीचे ६१,४००. बेरीज १,४०,७००, सरासरी ४६,९००. दोन्ही आकडे खरे आहेत, भांडण नाही. खाली ६१,४०० लिही, वर ९९०-एन ची पोचपावती आणि तिच्याच पीडीएफला मागे तीन वर्षांचा जमाखर्च नि ताळेबंद जोड. लहान संस्थांकडे पोस्टकार्डच असतं हे ग्रँट देणाऱ्यांना नवीन नाही. तरी फाउंडेशनच्या प्रोग्रॅम ऑफिसरला फोन कर, त्याचं कामच ते आहे.

अण्णा

फोन कराच. आपल्या लोकांना वाटतं हे सरकारी खातं आहे आणि विचारलं तर अर्ज बाद होईल. कम्युनिटी फाउंडेशन म्हणजे गावातल्याच लोकांनी ठेवलेला पैसा. १९१४ साली क्लीव्हलंडला फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकरने पहिलं काढलं, माणूस गेल्यावर त्याच्या मृत्युपत्रातल्या जुनाट अटींत पैसा अडकू नये, स्थानिक लोकांनी बसून ठरवावं म्हणून. आता तिथे डोनर ॲडव्हाइज्ड फंडही असतात, देणगीदार सुचवतो आणि फाउंडेशन चेक पाठवतं. आपल्या सभासदांपैकी कोणाचा असा फंड असेल तर अर्जाची कटकटच नको. फक्त त्यातून नाटकाची तिकिटं घेता येत नाहीत, हेही सांगून ठेवतो, कारण मागे कोणीतरी विचारलं होतं.

वहिनी

९९० मधलं मला कळत नाही पण बजेट उघडून पाहिलं, त्यात 'हॉस्पिटलसाठी दुभाषी' म्हणून पैसे धरलेत ते आधी काढा. मी हॉस्पिटलमध्येच काम करते. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलला पेशंटसाठी दुभाषी फुकट द्यावाच लागतो, अफोर्डेबल केअर ॲक्टच्या कलम १५५७ मध्ये आहे ते. ग्रँटवाले म्हणतील जे कायद्याने मिळतं त्याला आम्ही पैसे का द्यायचे. आणि आजोबांच्या बायप्सीचा रिपोर्ट आपल्या व्हॉलंटियरने मराठीत सांगायचा हे मला तरी धोक्याचं वाटतं. 'सोबत आणि गाडी' लिहा. अपॉइंटमेंटच्या वेळी 'मराठी दुभाषी हवा' हे आधी सांगायचं असतं, ते आपल्या लोकांना माहितीच नसतं, खरी मदत तिथे लागते. त्या फोनसाठी माणूस द्या.

शाळा समिती

अर्जात 'मराठी शाळेतील पालक या उपक्रमात सहभागी होतील' असं वाक्य दिसलं. शाळेला कोणी विचारलं? आमचे व्हॉलंटियर आधीच कमी आहेत.

चिटणीस

वहिनी, ओळ बदलली, थँक्यू. शाळा, ते वाक्य गेल्या वर्षीच्या अर्जातून आलंय, काढते. फाउंडेशनला फोन केला, बाई फार चांगली बोलली, ताई म्हणाल्या तसंच जोडा म्हणाली. तिने उलट विचारलं की सभासद नसलेल्या किती ज्येष्ठांना फायदा होईल, नुसतं 'आमचे सभासद' लिहिलं तर क्लब वाटतो. ते परत लिहितेय.

नाना

सरासरीच काढायची तर पूरनिधीचे ९,८०० कुठे गेले? त्याच तीन वर्षांतले आहेत. शीटमध्ये मला दिसत नाहीत.

खजिनदार

पूरनिधी दुसऱ्या खात्यात होता आणि आला तसा पुढे दिला, म्हणून शीटमध्ये धरला नाही.

ताई

अरे देवा. खातं दुसरं असलं तरी ईआयएन मंडळाचाच ना? ९,८०० मिळवले की बेरीज १,५०,५०० आणि सरासरी ५०,१६६. नानांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. चेक कोणाच्या नावाने होते ते सांगा. मंडळाच्या नावाने घेऊन आपण पावत्या दिल्या असतील तर ती आपली जमा, पुढे कोणालाही दिली तरी. थेट मदत करणाऱ्या संस्थेच्या नावाने असतील आणि आपण फक्त पाकिटात घालून पाठवले असतील तर आपले नाहीत.

नाना

निव्वळ धरलं असतं तर हा प्रश्नच आला नसता.

खजिनदार

काल रात्री चेकचे फोटो काढून बसलो. ३,२०० चे चेक थेट त्या संस्थेच्या नावाने आहेत, आपण फक्त यादी ठेवली होती. मंडळाच्या नावाने ६,६००, त्यांच्या पावत्या आपण दिल्यात. ३८,२०० च्या वर्षातले आहेत, म्हणजे ते वर्ष ४४,८००.

ताई

बेरीज १,४७,३००, सरासरी ४९,१००. पोस्टकार्ड चालतं. चेकचे फोटो जपून ठेवा, दोन्ही ढीग वेगळे.

पण आता पुढचं ऐका. पुढच्या वेळी ४१,१०० चं वर्ष गळतं आणि ६१,४०० राहतं. म्हणजे यंदाची जमा ४३,८०० च्या वर गेली की ९९०-ईझेड, म्हणजे पोस्टकार्डापेक्षा मोठा, हिशोबाचा फॉर्म भरायचा. आणि ही ग्रँट मिळाली तर तीही जमाच आहे. ईझेड ऑनलाइनच भरावं लागतं आणि उशीर झाला तर पोस्टकार्डासारखं नाही, रोजाच्या हिशोबाने दंड लागतो. वर्ष जानेवारी ते डिसेंबर असलं की शेवटची तारीख १५ मे.

नाना

म्हणजे १०,००० ची ग्रँट घ्यायची आणि त्यापायी मोठा फॉर्म भरत बसायचं. मग कशाला हवी ग्रँट? सभासदांना हाक मारली तर एवढे जमतील.

अण्णा

नाना, सभासदांनी दिले तरी ती जमाच की हो!

ताई

अण्णा 🙂 ईझेड काही एवढं भयंकर नाही, चार पानं आणि एकदोन शेड्यूल. रकाने नीट असले की भरून होतं. नवीन शीटमध्ये आहेत.

चिटणीस

अर्ज गेला, पोचपावती आली. सरासरी कशी काढली त्याची दोन ओळींची टीप पीडीएफच्या पहिल्याच पानावर टाकली, म्हणजे कोणी खालचा ६१ बघून दचकायला नको. सभासद नसलेल्यांसाठी लायब्ररी आणि सीनियर सेंटरमध्ये पत्रकं लावू असं लिहिलंय, तेव्हा पत्रक कोणीतरी बनवा.

नाना, पूरनिधीच्या खात्यावर अजून तुमची सही आहे असं बँक म्हणते. ते खातं बंद करून मुख्य खात्यात घ्यायचंय. शनिवारी तुम्ही आणि खजिनदार दोघांनी ओळखपत्र घेऊन जायला लागेल, मी त्यांना सकाळची वेळ मागते.

नाना

शनिवारी जमवतो. त्याआधी ते नवीन शीट मला पाठवा.