लोअर परळचा ७६ मजली मनोरा आणि गिरणीची जमीन

परळकर (धागाकर्ता):
आमच्या चाळीच्या गॅलरीत दोरीवरचे कपडे काढताना ‘वर्ल्ड वन’चे टोक पाहायचे म्हटले, तर कठड्याला पाठ टेकून मान मागे टाकावी लागते. २८० मीटर उंचीचा हा निवासी मनोरा श्रीनिवास मिलच्या जमिनीवर उभा आहे. माझा आक्षेप उंचीला नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ५८ नुसार गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे पडायचे होते : महापालिकेच्या मोकळ्या जागांना एक, म्हाडाच्या घरांना एक आणि मालकाला एक. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती ग्राह्य धरली. आता शेडांनी भरलेल्या गिरणीत मोकळी जमीन ती किती असणार?

नगररचनाकार:
वाटणीचा राग मनोऱ्यावर काढणे मला पटत नाही. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, पण दोन वाटे सोडून द्यावे लागणार म्हटल्यावर बहुतेक मालक जमिनीला हातच लावेनात, त्यामुळे कागदावर उदार असलेल्या त्या नियमातून प्रत्यक्षात फारसे काही निघाले नाही. शिवाय तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या शहराने वर नाही तर कुठे जायचे? हा मनोरा तर ४४२ मीटरचा व्हायचा होता, विमानतळ प्राधिकरणाची परवानगी न मिळाल्याने खुजा राहिला (२८० मीटरला खुजा म्हणण्याची सोय मुंबईतच!).

परळकर:
वर जाण्याने जमीन वाचते, हे मान्य. पण वाचलेली जमीन कुंपणाच्या आत राहिली, तर तिचा शहराला उपयोग काय? गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखांहून अधिक अर्ज आले, २०१२ ची सोडत निघाली तेव्हा संपाला तीस वर्षे झाली होती, आणि आता उरलेल्यांना मुंबईबाहेरच्या शेलू-वांगणीचा रस्ता दाखवला जात आहे.

सोडतीतला:
वडील गिरणीच्या साचेखात्यात (मागांच्या विभागात) होते, त्यांच्या नावावर आम्हांला २२५ चौरस फुटांचे घर लागले. उंचीला आक्षेप नाही, असे परळकरांनी इतक्या सहज म्हणू नये. आमची लिफ्ट बंद पडली, की आई दोन-दोन दिवस अठराव्या मजल्यावरून खाली उतरत नाही, आणि दुरुस्तीची वर्गणी मागायला गेले, की निम्मी दारे उघडत नाहीत.

नगररचनाकार:
हा मुद्दा माझ्या हिशेबात नव्हता. तरीही तो देखभालीच्या निधीचा प्रश्न आहे, मजल्यांचा नव्हे.

सोडतीतला:
निधी असता, तर मीही असेच म्हटले असते.