पुस्तक सोडायचं, पण कुठे आणि कसं?

वाचून झालेलं पुस्तक अनोळखी वाचकासाठी सार्वजनिक जागी मुद्दाम सोडून द्यायचं, असा एक प्रकार आहे. त्यावर एकांनी लिहिलंय की बाकावर ठेवलेलं पुस्तक थेट रद्दीत जाणार. काही जातीलही, त्यात काय! पण ज्यांनी हा प्रकार रुजवला त्यांनी थोडा विचार केलेला दिसतो. अमेरिकेत रॉन हॉर्नबेकर यांनी २००१ साली 'बुकक्रॉसिंग' हे संकेतस्थळ सुरू केलं. पुस्तकाची नोंद केली की त्याला स्वतंत्र क्रमांक मिळतो. तो आतल्या पानावर लिहायचा, म्हणजे ज्याला सापडेल तो संकेतस्थळावर कळवू शकतो. सगळेच कळवतात असं नाही. माझ्या मते आत लिहिलेल्या त्या क्रमांकाचा खरा फायदा निराळाच आहे: पुस्तक कुणाचं राहून गेलेलं नाही, मुद्दाम ठेवलंय, हे उचलणाऱ्याला कळतं.

आपल्याकडे ते फारच गरजेचं. स्टेशनवर रोज 'बेवारस वस्तूंना हात लावू नका' ऐकणारा माणूस पिशवीतलं पुस्तक कशाला उचलेल? लंडनच्या भुयारी रेल्वेत २०१२ साली सुरू झालेल्या अशाच उपक्रमात मुखपृष्ठावरच स्टिकर लावतात. तेच बरं. गुंडाळू नका, 'घेऊन जा, वाचून पुढे द्या' असं वरच ठळक मराठीत लिहा.

मी तर स्टेशनपेक्षा सलून किंवा दवाखान्याची बाकं निवडेन, अर्थात मालकाला विचारून. तिथे माणूस ताटकळलेला असतो आणि पावसाची भीती नसते. फक्त जुनी गाइडं आणि कालबाह्य संगणकाची पुस्तकं कृपया सोडू नका; ती रद्दीवाल्यालाच द्या.