पुण्यात कुत्र्याचे अंत्यसंस्कार: खर्च किती येतो, पर्याय कोणते?

मुक्ता_सहकारनगर

नमस्कार. प्रश्न थोडा आधीच विचारतेय, कारण त्या दिवशी मला काही सुचणार नाही.

आमची चिमी लॅब्रॅडॉर आणि गावठी अशी मिश्र जातीची, वय १३. वजन २८ किलो होतं, आता २४ वर आलंय. दोन्ही किडन्या निकामी होत चालल्यात, रोज घरीच कातडीखाली सलाईन देतोय. दहीभात पुढे केला की वास घेते आणि तोंड फिरवते. डॉक्टरांनी काल स्पष्ट सांगितलं की आता फार दिवस नाहीत.

घरात दोन मतं आहेत. सासरे सासवडकडचे, कुलदैवत खंडोबा. ते म्हणतात, जनावराला माती द्यायची असते. त्यांचा बैल गेला तेव्हा बांधाला खड्डा घेऊन, हळदकुंकू वाहून, नवं कापड घालून माती दिली होती. चिमीचंही तसंच व्हावं. नवरा म्हणतो, ते शेत आता चुलत्यांच्या वाटणीत गेलंय, उद्या तिथे प्लॉट पडले तर काय करणार? दहन करू आणि अस्थी घरी आणू. मला दोघांचंही पटतं आणि म्हणून रात्री झोप लागत नाही.

पुण्यात दहनाला खरा खर्च किती येतो? महापालिकेची सोय आहे का? अस्थी मिळतात का, आणि त्या तिच्याच असतात हे कशावरून समजायचं? आमचा तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही, तिला खाली कसं न्यायचं हाही प्रश्न आहे. अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

पौडरोडकर

मुक्ताताई, आधी विचारताय हे फार बरं करताय. आमचा जर्मन शेफर्ड पहाटे गेला आणि त्या अवस्थेत आम्ही एकामागून एक फोन लावत बसलो होतो. समोरचा माणूस दर सांगत होता आणि बायको शेजारी रडत होती. तेव्हा आज-उद्याच फोन करून ठेवा. चिमी जिवंत असताना हे बोलणं अभद्र आहे असं मनात आणू नका.

पुण्यात मुख्यतः दोन मार्ग आहेत. एक महापालिकेचा. नायडू पाँडला मेलेल्या जनावरांसाठी दाहिनी आहे, आणि पिंपरी-चिंचवडच्या बाजूला नेहरूनगरला. शुल्क खासगीपेक्षा बरंच कमी असतं. पण मशिन देखभालीसाठी बंद असू शकतं, वेळाही ठरलेल्या असतात. म्हणून निघण्याआधी क्षेत्रीय कार्यालयाच्या आरोग्य विभागात फोन करून आज चालू आहे का, किती वाजेपर्यंत घेतात, सोबत काय कागद लागतात, एवढं विचाराच. वैकुंठ स्मशानभूमीत किंवा माणसांच्या इतर विद्युतदाहिन्यांत प्राणी घेत नाहीत, तिकडे जाऊन परत फिरू नका.

दुसरा मार्ग खासगी केंद्रांचा. तिथे पहिला प्रश्न विचारायचा तो ‘स्वतंत्र की एकत्र?’ एकत्र म्हणजे एका वेळी तीन-चार प्राणी. यात अस्थी मिळत नाहीत, किंवा मिळाल्या तरी त्या फक्त तुमच्या प्राण्याच्या नसतात. स्वतंत्र म्हणजे दाहिनीत तुमचा एकटाच. आमच्या ३४ किलोच्या कुत्र्याला स्वतंत्र दहनाचे ६५०० रुपये पडले, घरून न्यायच्या गाडीचे १५०० वेगळे. त्याच केंद्रात एकत्रचा दर ३००० सांगितला होता. मातीचं मडकं त्यांनी दिलं, नक्षीचा लाकडी डबा हवा असेल तर जास्तीचे पैसे होते, तो आम्ही घेतला नाही. तुमच्याकडे वजन कमी आहे, त्यामुळे जरा कमी सांगतील. दर वजनावर असतो कारण इंधन वजनावर जळतं. मोठ्या कुत्र्याला दोन तासांच्या आसपास लागतात, मांजराला त्याच्या निम्म्याहूनही कमी. चांगल्या मशिनला दोन कप्पे असतात, पहिल्यात दहन आणि दुसऱ्यात निघालेला धूर पुन्हा जास्त तापमानाला जाळतात, म्हणून वस्तीजवळही वास येत नाही. धुराचं काय करता, हे विचारलंत तर माणूस कितपत जाणकार आहे ते लगेच कळतं.

अस्थी तिच्याच हे कळायचा मला एकच भरवशाचा मार्ग दिसतो, तो म्हणजे समोर उभं राहणं. दार बंद होताना आणि उघडताना तुम्हाला थांबू देतात का, आधीच विचारा. जे नाही म्हणतील त्यांच्याकडे स्वतंत्र दहनाचे पैसे देऊ नका. आणि एकूण रक्कम मेसेजवर लिहून घ्या: दहन, गाडी, रात्रीचा किंवा रविवारचा आकार, मडकं, सगळं धरून. दुःखात माणूस घासाघीस करत नाही आणि हे सगळ्यांना ठाऊक असतं.

तिसऱ्या मजल्याचं: जाड सतरंजी घ्या. चादर नको, ती मधोमध खचते. चार कोपरे चार जणांनी धरायचे, डोकं वरच्या बाजूला ठेवायचं, वळणावर पुढच्या दोघांनी थांबायचं. शेजारच्या दोन तरुण मुलांना आजच सांगून ठेवा. रिक्षावाले बहुधा नेत नाहीत, कोणाची तरी मोठी गाडी ठरवून ठेवा.

---

पशुवैद्य_बिबवेवाडी

वरचं सगळं बरोबर आहे. मी फक्त शरीराबद्दल लिहितो, कारण ते कोणी आधी सांगत नाही.

गेल्यानंतर दोन-चार तासांत शरीर ताठरायला लागतं. त्याआधीच पाय पोटाशी घेऊन, ती झोपायची तशी कुशीवर ठेवा, नंतर सतरंजीत घेणं आणि दाहिनीच्या ट्रेवर ठेवणं सोपं जातं. डोळे मिटवले तरी बहुधा उघडेच राहतात. त्यात वेदनेचं काही नाही, घरच्यांना सांगून ठेवा. लघवी, शौच, तोंडातून पाणी येऊ शकतं, खाली डायपर शीट किंवा जुने टॉवेल हवेत. कधी पोटातली हवा बाहेर पडताना कण्हल्यासारखा आवाज येतो, त्यालाही घाबरू नका.

लगेच नेता येणार नसेल तर फरशीवर, पंख्याखाली किंवा एसीत ठेवा. बर्फाच्या बाटल्या कापडात गुंडाळून पोटाशी आणि जांघेत लावा, कुजणं पोटापासून सुरू होतं. एप्रिल-मेच्या पुण्यात बारा तासांच्या पुढे थांबू नका. प्लास्टिकमध्ये घट्ट बांधू नका. पट्टा, घुंगरू, प्लास्टिकची खेळणी दहनाआधी काढा. सुती कापड, फुलं चालतात.

इंजेक्शन देऊन शांत करायची वेळ आली तर एक गोष्ट कुटुंबाने लक्षात ठेवायची. त्यात वापरलेलं भुलीचं औषध शरीरात राहतं. असं शरीर उथळ पुरलं आणि कुत्र्या-घारींनी उकरून खाल्लं तर त्यांनाही विषबाधा होते. मेलेल्या गुरांतल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने आपल्याकडची गिधाडं कशी संपली ते आपण पाहिलंय, २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली तोवर फार उशीर झाला होता. इंजेक्शन दिलेल्या प्राण्याला मी दहनच सुचवतो. आणि मृत्यू रेबीजच्या संशयाने झाला असेल तर (तुमच्याकडे तसं नाही, इतर वाचतील म्हणून लिहितोय) उघड्या हाताने स्पर्श न करता डॉक्टर आणि महापालिका, दोघांनाही कळवा.

---

सौदागरची_वैदेही

मी पिंपळे सौदागरला राहते. आमचं मांजर गेलं तेव्हा नेहरूनगरला नेलं. मी तेव्हा नोकरी शोधत होते, स्वतंत्र दहनाचे पैसे माझ्याकडे नव्हते, आणि अस्थी घेऊन मी काय केलं असतं तेही मला माहीत नव्हतं. तिथल्या माणसाने पेटी हातात घेतली, नाव विचारलं, नावाने हाक मारून आत नेलं. मला तेवढं पुरलं. वाचणाऱ्यांपैकी कोणाला स्वस्तातला मार्ग घ्यावा लागला तर आपलं प्रेम कमी पडलं असं कृपया समजू नका. औषधपाण्यावर जे खर्च केलंत ते तिच्यापर्यंत पोचलंय.

---

कऱ्हाकाठ

ताई, मी सासवडजवळच शेती करतो. तुमच्या सासऱ्यांची बाजू मांडतो, कारण माती देणं हा जुना आणि चांगला रिवाज आहे, फक्त नीट केला पाहिजे.

स्वतःच्या शेतात आणि घरच्यांची संमती असेल तरच. सोसायटीच्या बागेत, कालव्याच्या कडेला, पुण्यातल्या टेकड्यांवर रात्री जाऊन पुरतात लोक, ते करू नका. टेकड्यांचा बराच भाग वनखात्याचा आहे, शिवाय तिथे दोन फुटांवर मुरूम आणि खाली काळा पाषाण लागतो, पहारीनेही खड्डा खोल जात नाही. उथळ राहिला की दोन दिवसांत भटकी कुत्री उकरतात. ते ज्याच्या नशिबी येतं तो विसरत नाही.

किमान चार फूट खोल, विहीर-बोअरपासून लांब, पावसाळ्यात पाणी साचत नाही अशा उंच जागी. सुती कापड, प्लास्टिक अजिबात नाही. मिठाची पोती ओततात तशी ओतू नका, तिथली जमीन खराब होते. चुन्याने शरीर लवकर जिरतं हा समज आहे, तसं होत नाही. वरून माती दाबून दगड रचा. जेसीबी तासावर मिळतो, पण घरातली दोन माणसं सकाळी लागली तर दुपारपर्यंत होतं.

पण जमीन तुमच्या नावावर नाही आणि डॉक्टर वर म्हणतात तसं इंजेक्शन द्यावं लागलं, तर दहनच बरं. सासऱ्यांना सांगा, अस्थी बांधाला नेऊन तिथे माती देता येते. हळदकुंकू तेच, जागाही तीच. आमच्याकडे म्हातारी माणसं याला नाही म्हणत नाहीत.

---

मुक्ता_सहकारनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. कऱ्हाकाठ दादांचं उत्तर सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘चालेल, पण कापड मी आणणार.’ नवऱ्याने दोन ठिकाणी फोन केले. एका केंद्राने समोर उभं राहू देतो म्हणून सांगितलं, २५ किलोपर्यंत स्वतंत्रचे ५५०० आणि गाडी १२००, सगळं मेसेजवर लिहून आलंय. सतरंजी माळ्यावरून काढून धुतली.

अजून दोन शंका. मुलगा नववीत आहे, त्याला दहनाच्या ठिकाणी न्यावं का? आणि अस्थींचं नेमकं काय करायचं? थोडी राख कुंडीत, तुळशीत घालायचं मनात होतं.

---

पौडरोडकर

मुलाला विचारा आणि तो जे म्हणेल ते करा. आमच्या मुलीला आम्ही शाळेत पाठवलं होतं, ‘मला का नाही थांबवलं’ हे ती अजून विचारते. यायचं असेल तर तिथे काय दिसेल ते आधी सांगा: लोखंडी दार आहे, ट्रे आहे, आग दिसेलच असं नाही, वाट पाहायला बाक आहे. यायचं नसेल तर घरीच निरोप घेऊ दे.

अस्थींबद्दल: २४ किलोच्या कुत्र्याची राख पाऊण ते एक किलो भरते. ती चुलीच्या राखेसारखी मऊ नसते, हाडांचे पांढरे तुकडे असतात. दळून बारीक करून हवी असेल तर तसं आधी सांगावं लागतं. तुळशीत नेमकी ती घालू नका. या राखेत क्षार फार असतात, लहान कुंडीतली मुळं जळतात, रोप महिन्यात वाळतं आणि मग त्याचं वेगळं दुःख होतं. मोठं झाड लावायचं असेल तर वाटीभर राखेला दोन-तीन घमेली माती आणि शेणखत मिसळा, आणि ते जमिनीत, कुंडीत नाही. मुठेत सोडायचा विचार असेल तर चिमूटभर सोडा, बाकीची सासवडला न्या. सासऱ्यांनी कापड आणलं की त्याचाच एक तुकडा मडक्याच्या तोंडाला बांधायला कापून ठेवा, केंद्रात बहुधा प्लास्टिकची पिशवी देतात.